कम्युनिटी सायन्स घेतलं, मग पगार किती? सीमाभागातल्या घरांसाठी एक हिशेब

सीईटीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत एक चर्चा हमखास रंगते. मुलीला बीएस्सी ॲग्री हवं होतं, तिथे नंबर लागत नाही, पण धारवाडला कम्युनिटी सायन्स मिळतंय. घ्यावं का? लगेच पुढचा प्रश्न येतो, हे करून पगार किती मिळतो? आणि घरातलं एखादं जाणतं माणूस म्हणतं, "अगं, ते जुनं होम सायन्सच. स्वयंपाक आणि शिवण शिकायला चार वर्षं कशाला घालवायची?"

पगाराच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. याच डिग्रीवर पुढे कुणी ५७,७०० रुपये मूळ पगारावर प्राध्यापक होतं आणि कुणी महिन्याच्या मानधनावर वर्षानुवर्षं अडकून पडतं. दोघींच्या हुशारीत फार फरक असतोच असं नाही. फरक असतो तो डिग्रीला जोडलेल्या दुसऱ्या कागदाचा. कुणी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, पास झालेली असते, कुणी आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी केलेली असते, कुणी सक्तीच्या कन्नड परीक्षेत उत्तीर्ण झालेली असते, तर कुणाकडे सीमाभागातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असतो. आपल्या भागात हा दुसरा कागद कोणता आणि तो कधी मिळवायचा, हे सांगायला फारसं कुणी बसत नाही. म्हणून हा लेख.

आधी शिकवतात काय ते पाहू

या विषयाची सुरुवात शेगडीपाशी झालेली नाही, ती प्रयोगशाळेत झाली. एलेन स्वॅलो रिचर्ड्स ही अमेरिकेतल्या एमआयटीची पहिली विद्यार्थिनी, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं पिण्याचं पाणी तपासण्याच्या मोठ्या कामात ती होती, अन्नातली भेसळ तिने तपासली. घरातली हवा, पाणी, अन्न यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध काय, हा तिचा प्रश्न होता. १९०८-०९ मध्ये अमेरिकेत गृहअर्थशास्त्राची संघटना उभी राहिली, तिची ती पहिली अध्यक्ष. पुढे १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या होम इकॉनॉमिक्सच्या कॉलेजला ह्यूमन इकॉलॉजी हे नाव दिलं. भारतात दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ पासून हा विषय शिकवत आलं आहे. आपल्या जवळचं म्हणजे धारवाडचं कॉलेज. ते १९७४ मध्ये ग्रामीण गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून सुरू झालं, १९८६ पासून ते धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठात आहे, आणि आता त्याचं नाव कम्युनिटी सायन्स कॉलेज.

महाराष्ट्रात जायचं असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्स आहे, आणि पुण्या-मुंबईत एसएनडीटीची होम सायन्स कॉलेजं आहेत. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीत हाच विषय ह्यूमन इकॉलॉजी अँड फॅमिली सायन्सेस या नावाने येतो. नावं अनेक असल्यामुळे एक अडचण मात्र खरीखुरी येते. नोकरीच्या जाहिरातीत ‘गृहविज्ञान पदवी’ लिहिलेलं असतं आणि तुमच्या प्रमाणपत्रावर ‘कम्युनिटी सायन्स’. कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनाला ते एकच आहे हे ठाऊक असेलच असं नाही. डिग्री हातात पडली की विद्यापीठाकडून दोन्ही नावं समकक्ष असल्याचं पत्र मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. ऐन मुलाखतीच्या आदल्या दिवशी हे पत्र मिळत नसतं.

चार वर्षांत पाच शाखांची ओळख होते. अन्नशास्त्र व पोषण, मानवी विकास व कुटुंब अभ्यास, वस्त्र व परिधान, कुटुंबाच्या साधनसंपत्तीचं व्यवस्थापन, आणि विस्तार शिक्षण, म्हणजे गावापर्यंत माहिती पोचवण्याचं शास्त्र. पदवीत सगळ्या शाखा थोड्याथोड्या येतात. नोकरी देणाऱ्याला मात्र कुठली तरी एकच शाखा नीट येणारी माणसं हवी असतात. म्हणून या डिग्रीत तिसऱ्या वर्षाच्या आत स्वतःची शाखा ठरवणं फार महत्त्वाचं आहे. जी ठरवत नाही तिला शेवटी ‘कुठलीही पदवी चालेल’ असल्या जागांवर लाखो लोकांशी स्पर्धा करावी लागते.

पगाराचे तीन प्रकार

आकडे ऐकण्याआधी हा फरक डोक्यात पक्का करून घ्या, कारण घरोघरी इथेच गल्लत होते.

पहिला प्रकार मानधनाचा. अंगणवाडी कार्यकर्ती महिन्याला जे घेते ते मानधन. २०१८ पासून केंद्राने त्यासाठी ४,५०० रुपये ठरवले, वर प्रत्येक राज्य आपली भर घालतं. मानधनावर सरकारी नोकराची वेतनश्रेणी लागू होत नाही. दुसरा प्रकार कंत्राटी पगाराचा. योजना, प्रकल्प, मिशन यांत भरती होते ती बहुतेक अशी. ठरलेली एकरकमी रक्कम मिळते आणि करार अकरा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो. तिसरा प्रकार कायम नोकरीचा. जाहिरातीत जो सुरुवातीचा आकडा छापतात तो मूळ पगार असतो, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. कर्नाटकाने सातव्या राज्य वेतन आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४ पासून लागू केल्या, तेव्हा सरकारी नोकराचा किमान मूळ पगार १७,००० वरून २७,००० रुपये झाला. राज्यातली सगळ्यात खालची कायम जागासुद्धा आता या आकड्यापासून सुरू होते. कंत्राटी जागेचा आकडा यापेक्षा थोडा वरचा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो तेवढाच असतो, त्याला भत्ते जोडलेले नसतात.

खासगीत ‘सीटीसी’ सांगतात, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनी तुमच्या नावावर भरणार असलेला पीएफसुद्धा धरलेला असतो, आणि तुमच्या वाट्याचा पीएफ वेगळा कापला जातो. म्हणून नेमणूकपत्र हातात आल्यावर विचारायचा प्रश्न एकच, दर महिन्याला बँकेत किती जमा होणार?

आहारतज्ज्ञ: मागणी आहे, पण सुरुवात कमी पगाराची

बेळगाव हे दवाखान्यांचं गाव झालं आहे. केएलईचं मोठं रुग्णालय, बिम्सचं सरकारी रुग्णालय, आणि शहरभर पसरलेली खासगी हॉस्पिटलं. चंदगड, आजरा, गडहिंग्लजपासून खाली कोकण-गोव्यापर्यंतचे पेशंट इथे येतात. मधुमेह, किडनी, हृदयाचे पेशंट वाढले तशी आहारतज्ज्ञाची गरजही वाढली. तरी छोट्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलात नुसत्या पदवीवर लागणाऱ्या मुलीला सुरुवातीला जो पगार मिळतो तो पाच आकडी असला तरी त्या पाच आकड्यांच्या अगदी खालच्या टोकाला असतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण खूप मुली या पहिल्या वर्षातच निराश होऊन घरी बसतात.

पगार हलतो तो पुढच्या दोन पायऱ्यांवर. एक, अन्न व पोषण किंवा आहारशास्त्रात एमएस्सी, नाहीतर पदव्युत्तर डिप्लोमा, आणि सोबत हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. दोन, इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ परीक्षा, जिला सगळे ‘आरडी’ म्हणतात. पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या जाहिरातींत आता ‘आरडी असल्यास प्राधान्य’ ही ओळ नेहमी दिसते. त्याशिवाय २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ आहेत. म्हणजे या पेशाला कायद्याने ओळख मिळाली आणि नोंदणीची व्यवस्था ठरली. आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून ‘डाएट एक्स्पर्ट’ची पाटी लावणाऱ्यांचे दिवस पुढे अवघड होत जातील, आणि रीतसर शिकलेल्या मुलींच्या ते फायद्याचं आहे.

सरकारी जागा चांगल्या असतात, पण मोजक्या. रेल्वेने २०२४ मध्ये पॅरामेडिकल भरती काढली होती. त्यात डायटिशियनचा सुरुवातीचा मूळ पगार ४४,९०० रुपये होता. पात्रतेत बीएस्सीनंतर आहारशास्त्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, किंवा गृहविज्ञानातली बीएस्सी व अन्न-पोषणातली एमएस्सी, आणि दोन्हीकडे हॉस्पिटलमधलं तीन महिन्यांचं प्रशिक्षण. हे सगळं करून जागा किती? अख्ख्या देशात ५. त्याच जाहिरातीत नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या जागा ७१३ होत्या. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. नुसत्या सरकारी डायटिशियनच्या जागेवर डोळा ठेवून चार वर्षं काढणं धोक्याचं आहे. एमएस्सी आणि आरडी हातात असेल तर हॉस्पिटल, अन्नप्रक्रिया कंपनी, कॉलेज, स्वतःचं क्लिनिक अशा चार दिशा मोकळ्या राहतात.

आपल्या मुलींकडे इथे एक भांडवल आहे, ज्याची किंमत त्यांना स्वतःलाच कळत नाही. बंगळुरूहून छापून आलेला डाएट चार्ट घ्या. त्यात ओट्स, इडली, ब्राउन राइस. अथणीकडचा पेशंट दोन वेळा ज्वारीची भाकरी खातो, चंदगड-खानापूरकडचा पेशंट भात आणि नाचणी खातो, वडगावातली विणकर बाई दिवसभर मागावर बसलेली असते आणि जेवते कधी तर काम आटोपल्यावर. मधुमेह तिघांना सारखाच, चार्ट सारखा चालत नाही. पेशंटला त्याच्या भाषेत, त्याच्या ताटातल्या पदार्थांची नावं घेऊन समजावता आलं तरच तो चार्ट पाळला जातो. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी, भाकरीच्या आकारावरून पिठाचा अंदाज सांगणारी आहारतज्ज्ञ बेळगावच्या हॉस्पिटलला बाहेरून आणता येत नाही. पगाराची बोलणी करताना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडा.

बालविकासाच्या नोकऱ्या आणि दोन राज्यांचा रस्ता

सीमाभागातल्या मराठी मुलींनी सगळ्यात बारकाईने वाचावा असा हा भाग आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाड्या तिच्यातल्याच. या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका आणि तिच्यावरचा बालविकास प्रकल्प अधिकारी या कायम सरकारी जागा आहेत, आणि गृहविज्ञानाच्या पदवीधरांना त्या अगदी मापाच्या आहेत. काम संपत आलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे तीन मुलांतलं एक. वजन, उंची, पूरक आहार, गरोदर बाईचं रक्त, हे सगळं समजणारी माणसं या खात्याला हवीच आहेत.

कर्नाटकात या जागा भरताना सक्तीची कन्नड भाषा परीक्षा असते. तिच्यात १५० पैकी किमान ५० गुण लागतात, नाहीतर बाकीचा पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) केलेल्या आपल्या मुली बोलीत कन्नड छान बोलतात, बाजारात, बसमध्ये कुठेच अडत नाहीत, आणि लेखी पेपरात अडकतात. अर्ज, सारांश, सरकारी पत्र लिहिण्याचं कन्नड वेगळं असतं, त्याचा सराव लागतो. धारवाडच्या चार वर्षांत वसतिगृहात कन्नड मैत्रिणी भेटतात. रोज एक पान कन्नडमध्ये लिहून त्यांच्याकडून तपासून घेतलं तर हा पेपर अवघड नाही. आपल्या मराठीवर प्रेम आहे म्हणून कन्नड लिहायला शिकायचं नाही, असा विचार कुणी करत असेल तर त्यात नुकसान आपल्याच लेकींचं आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतली आई मराठीत बोलते आणि तिच्या बाळाचा अहवाल वर कन्नडमध्ये जातो. दोन्ही भाषा येणारी पर्यवेक्षिका तिथे असली तर त्या बाळाची नोंद नीट होते.

आता दुसरा रस्ता. महाराष्ट्र सरकारने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे तिथल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या अनेक भरत्यांत अर्ज करता येतो. जिल्हा परिषदेच्या जाहिरातींत १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन तशी अटच छापलेली असते. आवश्यक शैक्षणिक पात्रता हवी, आणि या गावात १५ वर्षांचं वास्तव्य असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत अंगणवाडी पर्यवेक्षिकेची जागा होती, महिलांसाठीच. पात्रतेत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण या विषयांची नावं घेतलेली होती, आणि वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. निपाणीच्या मुलीला कोल्हापूर जिल्हा परिषद धारवाडपेक्षा जवळ आहे, हे नकाशा न पाहताही कळतं.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. वास्तव्याचा दाखला जाहिरात आल्यावर काढायला गेलात तर मुदत निघून जाते. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, वडिलांचा उतारा असे कागद पदवीच्या शेवटच्या वर्षातच एकत्र करून ठेवा. दुसरं, जात प्रमाणपत्र ज्या राज्याचं, आरक्षणाचा लाभ साधारणपणे त्याच राज्यात मिळतो. कर्नाटकात ओबीसी किंवा एससी असलेल्या मुलीने महाराष्ट्रात अर्ज करताना आपण बहुधा खुल्या गटातून स्पर्धा करतो आहोत असं धरूनच अभ्यास करावा. नाहीतर कट-ऑफचा अंदाज चुकतो आणि अपेक्षाभंग होतो.

मानवी विकास शाखेच्या मुलींना सरकारबाहेरही कामं आहेत. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. कर्नाटक सरकारने २०२३ पासून ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरं सुरू केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया मानला. कामं वाढत आहेत हे खरं, पण खासगी बालवाडीतला पगार अजून फारच तुटपुंजा आहे, आणि तो लवकर सुधारेल असं मला वाटत नाही. शाळेत विशेष शिक्षिका व्हायचं असेल तर लक्षात ठेवा, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. मानवी विकासात एमएस्सी केली तरी ती अट सुटत नाही.

शिकवणं, संशोधन, कृषी विज्ञान केंद्र

अभ्यासाची आवड असलेल्या मुलीला पगाराच्या दृष्टीने हा सगळ्यात भक्कम रस्ता. सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. त्यासाठी एमएस्सी आणि नेट. यूजीसी नेटमध्ये ‘होम सायन्स’ हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक १२. पाचही शाखा एकाच पेपरात येतात, म्हणून पदवीला ज्यांनी सगळे विषय मनापासून शिकले त्यांना तो सोपा जातो. कृषी विद्यापीठात शिकवायचं तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची नेट वेगळी असते. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, पीएचडी करताना घरावर भार पडत नाही.

सेट द्यावी की नेट, असं मुली विचारतात. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा, ती त्या त्या राज्यापुरती चालते. कर्नाटकची केसेट कर्नाटकात, पुणे विद्यापीठ घेतं ती सेट महाराष्ट्र आणि गोव्यात. नेट देशभर चालते. दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या मुलीने नेटवरच जोर द्यावा असं माझं मत आहे. सेट जोडीला असू द्या.

मात्र कायम प्राध्यापकांच्या जागा फार हळू भरल्या जातात. मधली वर्षं अतिथी व्याख्याता म्हणून जातात. यूजीसीने २०१९ मध्ये त्यासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा सांगितली, पण प्रत्यक्षात अनेक कॉलेजांत हातात पडणारी रक्कम याच्या जवळपासही नसते. नेट झाली म्हणजे नोकरी लागली असं समजून घरच्यांनी लग्नाच्या बायोडाटात ‘प्रोफेसर’ लिहायची घाई करू नये.

कृषी विज्ञान केंद्रातली गृहविज्ञान विषयतज्ज्ञाची जागा मला व्यक्तिशः फार मोलाची वाटते. बेळगाव जिल्ह्यात अशी दोन केंद्रं आहेत, एक बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोपला आणि दुसरं गोकाकजवळच्या तुक्कानट्टीला. परसबाग, धान्य साठवण, नाचणी-राळ्याचे पदार्थ, बचत गटाचं प्रशिक्षण, शेतात राबणाऱ्या बायांचे श्रम कमी करणारी अवजारं, असं सगळं काम या एका जागेत येतं. विषयतज्ज्ञाची मूळ श्रेणी ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. एका केंद्रात अशी जागा साधारण एकच, म्हणून ती रिकामी होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि इतर जिल्ह्यांत जायची तयारी ठेवावी लागते. केंद्र चालवणारी यजमान संस्था कोण यावर पेन्शन आणि इतर लाभ बदलतात. नेमणुकीआधी ते लेखी विचारून घ्या.

वस्त्र शाखा

या शाखेबद्दल थोडक्यातच सांगतो. शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरच्या साड्या, इचलकरंजीचा कापड उद्योग, बागलकोटकडची इरकल साडी आणि धारवाडचं कसुती भरतकाम, एवढं सगळं काही तासांच्या अंतरात आहे. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकनसुद्धा महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव आहे. गिरणीत गुणवत्ता तपासणी, रंगकामाची प्रयोगशाळा, निर्यातदाराकडे मर्चंडायझिंग (ऑर्डर घेऊन माल वेळेत तयार करून घेणं), अशी कामं मिळतात. पण इथे वस्त्र अभियांत्रिकीची आणि फॅशन संस्थांची मुलं स्पर्धेत असतात, त्यामुळे नुसत्या पदवीवर भागत नाही. कापड तपासणीची यंत्रं हाताळलेली असणं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर येणं, या दोन गोष्टींवर पगार ठरतो.

ज्या दारांवर ‘प्रवेश नाही’ लिहिलेलं असतं

कृषी विद्यापीठाची चार वर्षांची डिग्री आहे म्हणून ती बीएस्सी ॲग्रीसारखी सगळीकडे चालेल, हा गैरसमज खूप घरांत आहे. बँकांच्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेत पात्र पदव्यांची लांबलचक यादी असते. शेती, फलोत्पादन, पशुवैद्यक, मत्स्य, वनशास्त्र, अन्न तंत्रज्ञान, रेशीमशास्त्र ही नावं त्यात आहेत, गृहविज्ञान नाही. बँकेतच जायचं असेल तर सर्वसाधारण अधिकाऱ्याची परीक्षा कुठल्याही पदवीधराला खुली आहे, तिथे सध्या मूळ पगार ४८,४८० पासून सुरू होतो. पण मग या डिग्रीचा तिथे खास फायदा नाही, हेही खरं. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेबाबतही जाहिरातीतली पदव्यांची यादी शब्द न् शब्द वाचा, ‘अन्न’ हा शब्द दिसला म्हणून अर्जाची फी भरू नका.

स्वतःचा उद्योग

नोकरीइतकाच हा रस्ता आपल्या भागात खरा आहे, कारण कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही इथेच आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाला जोडलेलं अनुदान. कर्नाटकाने त्यात आपले १५ टक्के घातले. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ मध्ये बेळगावच्या वाट्याला गूळ आला. अर्ज करण्याआधी जिल्हा कार्यालयात योजनेची चालू मुदत विचारून घ्या.

गूळ विकणारे खूप आहेत. गुळातला ओलावा मोजून तो पावसाळ्यात का पाघळतो हे सांगणारं, पुडीवर पोषणमूल्यांचा तक्ता नियमाप्रमाणे छापून देणारं माणूस गुऱ्हाळवाल्याला मिळत नाही. कुंदा आणि करदंट या आपल्या मिठायांचंही तसंच आहे. कुंदा दुधाचा, तो किती दिवस टिकतो आणि कुठल्या वेष्टनात जास्त टिकतो, हा अन्नशास्त्राचा सरळ प्रश्न आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनंतर पाकीटबंद पदार्थ विकणाऱ्या छोट्या उद्योगांनाही लेबलाचं काम जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. स्वतः कारखाना न काढता हे सल्ल्याचं काम घेणाऱ्या मुलीला भांडवलही फारसं लागत नाही. याच योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमतात, म्हणजे उद्योजकाचा प्रकल्प अहवाल तयार करून त्याला बँकेपर्यंत नेणारा माणूस. योजनेच्या नियमांत मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे २०,००० रुपये मोबदला ठेवला आहे, तो दोन टप्प्यांत मिळतो. अन्नशास्त्र आणि विस्तार शिक्षण दोन्ही शिकलेल्या पदवीधराला, मुलगा असो की मुलगी, हे काम जमण्यासारखं आहे. आपल्या भागातल्या अशा पदवीधराला गुऱ्हाळावर जाऊन मराठीत बोलता येतं, कार्यालयात कन्नडमध्ये बोलता येतं आणि बँकेचा फॉर्म इंग्रजीत भरता येतो.

सीईटीची ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरण्याआधी एक दिवस काढून धारवाडला जाऊन या. बेळगावहून सकाळच्या बसने निघालात तर संध्याकाळी घरी परत येता. प्राध्यापकांना भेटाच, पण त्यांच्याइतकाच वेळ तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोलण्यात घालवा. मागच्या दोन-तीन बॅचमधल्या किती जणींनी एमएस्सीला प्रवेश घेतला, किती जणींची नेट झाली, हॉस्पिटलची इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की स्वतः शोधावी लागते, मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना पहिल्या वर्षी इंग्रजी कितपत जड जातं, आणि ज्या नोकरीला लागल्या त्यांच्या खात्यात पहिल्या महिन्यात किती रुपये आले, हे सगळं त्यांना विचारा. वसतिगृहातल्या मुली खरं ते सांगतात.